भटारखान्याची तपासणी

घरची चूल गृहिणीच्या डोळ्यांसमोर असते. पाणी कोणत्या हंड्यांतलें, तांदूळ किती वेळां धुतला, दूध नीट तापलें कीं नाहीं, हें तिला कोणास विचारावें लागत नाहीं. बाजारची चूल मात्र भिंतीआड असते. हॉटेलांतल्या गिऱ्हाइकाला पुढचीं चकचकीत मेजें, भिंतीवरचा दरांचा फळा आणि गल्ल्यावरची उदबत्ती दिसते. पदार्थ जेथें तयार होतो तो भटारखाना त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. म्हणून समाजानें आपल्या वतीनें आंत जाऊन पाहणारा एक मनुष्य नेमला. त्याला कधीं सॅनिटरी इन्स्पेक्टर, कधीं अन्न निरीक्षक म्हणत; आज त्याचें नांव अन्न सुरक्षा अधिकारी असें आहे. हा मनुष्य कोठून आला, काय पाहतो आणि काय पाहूं शकत नाहीं, हें समजून घेणें सर्वत्रच उपयोगाचें आहे. परंतु नाशिकसारख्या यात्रेच्या गांवीं तो जीविताचा प्रश्न आहे.

बाजारच्या अन्नाविषयीं दोन प्रश्न विचारतां येतात. पहिला : पदार्थ खरा आहे काय? दुसरा : तो स्वच्छ जागीं, स्वच्छ हातांनीं झाला आहे काय? पहिला प्रश्न फसवणुकीचा, दुसरा रोगाचा. आज दोन्ही प्रश्न एकाच कायद्यांत नांदत असले तरी त्यांच्या वयांत फार मोठें अंतर आहे. पहिला सुमारें दोन हजार वर्षांचा आहे. दुसरा जेमतेम दीडशें वर्षांचा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधें यांत हलका माल मिसळणारास बारा पणांचा दंड सांगितला आहे. रस्त्यावर केर टाकणारास पणाचा आठवा हिस्सा आणि चिखलपाण्यानें रस्ता तुंबविणारास चौथा हिस्सा, असा नगराच्या स्वच्छतेचाहि बंदोबस्त त्यांत आहे. शिजविलेलें मांस आणि शिजविलेला भात विकणारांचा उल्लेखसुद्धां 'नागरिक' नांवाच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणांत येतो. पण तो त्यांच्या भांड्यांसाठीं नव्हे. त्यांच्याकडे उतरणारा मनुष्य ओळखीचा आहे कीं संशयास्पद, एवढीच तेथें चौकशी. राजाला चोराची व हेराची भीति होती. जंतूची नव्हती, कारण जंतु कोणीं पाहिलाच नव्हता.

पाश्चात्य देशांतहि हाच क्रम दिसतो. इंग्लंडांत १२६६ च्या सुमारास पाव व बिअर यांच्या वजनाचा आणि किमतीचा कायदा झाला. तो गिऱ्हाईक नागवलें जाऊं नये यासाठीं होता. पुढें सहाशें वर्षांनीं, १८५१ ते १८५४ या काळांत, डॉ. आर्थर हिल हसॉल यानें लंडनच्या दुकानांतून विकत घेतलेले पदार्थ सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासले व 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रानें दुकानदारांच्या नांवानिशीं निकाल छापले. मोठी खळबळ उडाली. पण कायदा होण्यास आणखी एक दुर्घटना घडावी लागली. १८५८ सालीं ब्रॅडफर्ड गांवांतील एक मिठाईवाला साखर वांचविण्यासाठीं गोळ्यांत जिप्समची भुकटी घालीत असे. ती आणावयास गेलेल्या माणसाला औषधांच्या दुकानांतून चुकून सोमल देण्यांत आला. दोन्ही पांढऱ्या भुकट्या. एका पिपांत एक, दुसऱ्यांत दुसरी, आणि सोमलाच्या पिपावर धड चिठ्ठी नव्हती. सुमारें वीस माणसें मेलीं व दोनशें आजारी पडलीं. दोन वर्षांनीं, १८६० मध्यें, इंग्लंडांत अन्नभेसळीचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला.

या घटनेंत एक बोध दडलेला आहे. लोकांनीं दोष दिला तो भेसळीला, आणि तें योग्यच होतें. परंतु माणसें मेलीं तीं जिप्समनें नव्हे. तीं मेलीं कोठारांतल्या बेशिस्तीनें. विष आणि खाण्याची वस्तु एकाच दुकानांत, धड खुणेवांचून ठेवलेली होती. म्हणजे मालाची परीक्षा जितकी आवश्यक, तितकीच जागेची परीक्षाहि आवश्यक, हें तेव्हांच ध्यानांत यावयास हवें होतें. तें पुरतें ध्यानांत येण्यास जंतुशास्त्राचा उदय व्हावा लागला.

१८५४ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉन स्नो यानें पटकीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशीं जोडून दाखविला. १८८३-८४ मध्यें डॉ. रॉबर्ट कॉख यानें प्रथम ईजिप्तमध्यें व नंतर कलकत्त्यास पटकीचा जंतु ओळखला. रोग हवेंतल्या दुर्गंधानें होतो ही जुनी समजूत मागें पडली आणि तो पाण्यांतून, दुधांतून, माशीच्या पायांतून व माणसाच्या बोटांतून अन्नांत शिरतो हें सिद्ध झालें. १९०७ मध्यें न्यूयॉर्क येथें याच्याहि पुढची गोष्ट उघडकीस आली. मेरी मॅलन नांवाची एक स्वयंपाकीण ज्या ज्या घरीं राही, तेथें तेथें विषमज्वर उद्भवे. ती स्वतः मात्र ठणठणीत होती. तिच्या शरीरांत जंतु वास करीत होते आणि तिच्या हातांवाटे न शिजविलेल्या पदार्थांत उतरत होते. तिला अलग ठेवण्यांत आलें, पुढें सोडण्यांत आलें. पण नांव बदलून ती एका प्रसूतिगृहांत स्वयंपाक करूं लागली आणि १९१५ मध्यें तेथें पंचवीस जणांस विषमज्वर झाला. त्यानंतर १९३८ सालीं मृत्यु येईपर्यंत ती एकांतवासांतच राहिली. तिचा हेतु दुष्ट नव्हता. पण तिच्या उदाहरणानें दोन गोष्टी जगाला शिकविल्या. निरोगी दिसणारा आचारीहि रोग पसरवूं शकतो, ही एक. आणि त्याची वैद्यकीय परीक्षा करणारांनीं त्याच्या पोटापाण्याचाहि विचार केला पाहिजे, नाहीं तर तो परीक्षेलाच चुकवील, ही दुसरी.

आतां नाशिककडे वळूं. येथें रामकुंडावर अस्थिविसर्जन व श्राद्ध यांसाठीं वर्षाचे बारा महिने लोक येतात. पंचवटीचें दर्शन घेऊन कोणी त्र्यंबकेश्वरास, कोणी सप्तशृंगीस जातात. बारा वर्षांनीं गुरु सिंह राशींत आला म्हणजे सिंहस्थ भरतो. या पर्वाविषयीं एक गोष्ट फारशी कोणाच्या मनांत येत नाहीं. प्रयागचा मेळा माघांतल्या थंडींत असतो, हरिद्वारचा चैत्राच्या सुमारास. नाशिकचीं मुख्य स्नानें मात्र श्रावण-भाद्रपदांत, म्हणजे भर पावसाळ्यांत येतात. नदीला गढूळ पाणी, वाटेवर चिखल, माशांचा सुळसुळाट आणि दमट हवेनें लवकर नासणारें दूध, या सर्वांची गांठ नेमकी लाखों यात्रेकरूंशीं पडते. पटकीला याहून अनुकूल काळ दुसरा नाहीं.

जुन्या काळीं यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वाड्यांत उतरे, शिधा घेऊन स्वतः रांधी किंवा उपाध्यायांच्या पंक्तीस बसे. चूल त्याच्या डोळ्यांसमोर असे. १८६५ सालीं रेल्वेनें थळ घाट चढला आणि मुंबईहून नाशिकचा प्रवास कांहीं तासांचा झाला. यात्रेकरूंची संख्या वाढली, मुक्कामाचे दिवस घटले आणि खानावळ, मिठाईचें दुकान, चहाचें हॉटेल यांचा उदय झाला. चूल भिंतीआड गेली ती याच काळांत. योगायोग असा कीं नाशिकची नगरपालिका १८६४ सालीं स्थापन झाली आणि १८६६ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेनें यात्रांतील गर्दी हें पटकीच्या प्रसाराचें एक प्रबळ कारण ठरविलें. नगरपालिका, रेल्वे आणि यात्रेची धास्ती या तिन्ही गोष्टी दोन वर्षांच्या अंतरानें एकत्र आल्या.

पण स्वच्छतेच्या या नव्या कल्पनेची आपल्या समाजांत एका जुन्या कल्पनेशीं गल्लत झाली. ती जुनी कल्पना म्हणजे सोंवळें. सोंवळ्यांत हातपाय धुणें, ताजें पाणी भरणें, शिळें न खाणें अशा कांहीं हितकर संवयी होत्या, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु सोंवळें विचारतें तें 'कोणीं शिवलें?', आरोग्यशास्त्र विचारतें तें 'हात धुतले होते काय?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर जन्मावर अवलंबून, दुसऱ्याचें साबणावर. ओलेत्यानें रांधणाऱ्या आचाऱ्याच्या पोटांत विषमज्वराचे जंतु असूं शकतात आणि ज्याला ओसरीवर चढूं दिलें जात नव्हतें त्याचे हात निर्मळ असूं शकतात. तरीहि उपाहारगृहावर मालकाच्या जातीची पाटी झळके आणि गिऱ्हाइकास तेवढ्यानें समाधान वाटे. ज्या नाशकांत २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरूं झाला, तेथें शिवाशिवीची ही भिंत किती जाड होती हें वेगळें सांगावयास नको. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदानें दुकानें, उपाहारगृहें व हॉटेलें सर्वांस खुलीं केलीं. हा हक्क सामाजिक न्यायाचा खरा. पण त्यानें आरोग्याच्या तपासणीचाहि मार्ग मोकळा केला. पाटीवरची जात पुसली गेल्यावरच गिऱ्हाइकाची नजर भांड्याकडे जाऊं लागते.

कायद्याची वाटचाल मात्र संथ होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत, कलम २७२ व २७३ मध्यें, खाद्यपेयांत अपायकारक भेसळ करणें व अपायकारक अन्न विकणें हा अपराध ठरविला होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तरी हे अपराध २७४ व २७५ या कलमांत टिकून आहेत. परंतु हे सर्व अपराध घडून गेल्यानंतरचे. अपराध होण्यापूर्वीं दारांतून आंत जाण्याचा अधिकार नगरपालिकांच्या कायद्यांनीं दिला. मुंबई इलाख्यांतील १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानें खाद्य वस्तु विकण्याच्या जागा पाहण्याचा आणि खाण्यास अयोग्य माल जप्त करण्याचा अधिकार नगरपालिकेस मिळाला. १९२५ सालीं मोठ्या नगरांसाठीं वेगळा कायदा झाला व त्याच वर्षीं इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदाहि आला. मुंबईस १९२६ मध्यें स्थापन झालेल्या स्थानिक स्वराज्य संस्थेनें सॅनिटरी इन्स्पेक्टरांस शिक्षण देण्याचें काम हातीं घेतलें. गटार, संडास, विहीर, देवीची लस आणि हॉटेल हीं सगळीं कामें बहुधा या एकाच मनुष्याच्या पदरीं असत.

या मनुष्याला लोकांनीं दार उघडावें कीं लावून घ्यावें, हा प्रश्न महाराष्ट्रांत एकदां फार कटु रीतीनें उपस्थित झाला होता. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास प्लेग कमिटीचा अध्यक्ष रॅंड याच्या हाताखालीं गोरे शिपाई घराघरांत, देवघरांत, माजघरांत घुसले. लोकांचा संताप पराकोटीस जाऊन २२ जून १८९७ रोजीं चाफेकर बंधूंनीं रॅंडवर गोळी झाडली. प्लेग खोटा नव्हता. नाशिकजवळ भगूर येथें १८९९ सालीं सावरकर बंधूंचे वडील त्याच रोगानें गेले. तपासणीची गरजहि खोटी नव्हती. खोटी होती ती रीत. ज्या तपासणींत लोकांची अब्रू राखली जात नाहीं ती तपासणी लोक टाळतात, आजारी माणूस लपवितात आणि रोग मोकळा फिरतो. पुढील प्रत्येक आरोग्यखात्यानें हा धडा लक्षांत ठेवावा असा आहे. निरीक्षकाचें खरें शस्त्र म्हणजे लोकांचा विश्वास होय.

स्वातंत्र्यानंतर सबंध देशासाठीं एक कायदा झाला. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून अमलांत आला. अन्न निरीक्षकानें साक्षीदारांसमक्ष नमुना घ्यावा, त्याचे तीन भाग करून लाख लावावी, एक भाग सरकारी पृथक्करणकाराकडे धाडावा, असा त्याचा विधि होता. वनस्पति तुपांत पांच टक्के तिळाचें तेल घालण्याची सक्ति याच धोरणांतली. तिळाच्या तेलावर विशिष्ट रासायनिक क्रिया केली असतां लाल-गुलाबी रंग येतो. म्हणून साजूक तुपांत वनस्पति मिसळलें कीं तें लपत नसे. १९६४ च्या दुरुस्तीनें बहुतेक अपराधांस निदान सहा महिन्यांची कैद ठरविण्यांत आली. परवाना देण्यापूर्वीं जागा पाहावी असा नियमहि १९५५ च्या नियमावलींत होता.

तथापि या कायद्याचा जीव बाटलींत होता. बाटलींतलें दूध किती स्निग्धांशाचें, हें प्रयोगशाळा सांगे. पण तें दूध ज्या पातेल्यांत ओतलें तें कशानें पुसलें होतें, हें बाटली सांगत नाहीं. शुद्ध तुपांत तळलेली, शुद्ध साखरेची जिलबी प्रयोगशाळेंत निर्दोष ठरते. ती ज्या परातींत मांडली तिच्यावर रात्रभर झुरळें फिरलीं असतील तर त्याची नोंद कोठेंहि होत नाहीं. शिवाय शिक्षा कडक असल्यामुळें खटले लांबत, आणि लहानसहान दोष सुधारून घेण्याऐवजीं निरीक्षकापुढें खटला भरणें किंवा डोळे मिटणें असे दोनच मार्ग उरत.

हा तोल २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानें बदलला. त्याचे परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलांत आले आणि १९५४ चा कायदा रद्द झाला. नाशिकची नगरपालिका १९८२ सालीं महानगरपालिका झाली होती. पाणी, गटारें व कचरा हीं कामें तिच्याकडे आहेत, तर अन्नाच्या कायद्याची अंमलबजावणी राज्याचें अन्न व औषध प्रशासन करितें. नव्या व्यवस्थेंत प्रत्येक खाद्य व्यवसायास, मग तो हातगाडीवर असो कीं मोठ्या कारखान्यांत, नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा चौदा आंकडी क्रमांक दर्शनी भागीं लावावा लागतो. नमुन्याचे आतां चार भाग होतात. चौथा भाग दुकानदारास हवा असल्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासून घेतां येतो. जागेंत दोष आढळला तर अधिकारी प्रथम सुधारणेची नोटीस देतो आणि तीत निदान चौदा दिवसांची मुदत असते. दोष न सुधारल्यास परवाना स्थगित होतो, पुढें रद्दहि होतो. आरोग्यास तांतडीचा धोका असेल तर व्यवसाय बंद ठेवण्याचा हुकूम निघूं शकतो. केवळ अस्वच्छ जागीं अन्न तयार करणें हाहि स्वतंत्र दोष असून त्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. माल शुद्ध निघाला तरी हा दंड चुकत नाहीं. अशा रीतीनें दुसऱ्या प्रश्नाला अखेर कायद्यांत स्वतःची जागा मिळाली.

आंत गेलेला अधिकारी काय पाहतो, हें आतां क्रमानें पाहूं. पहिली वस्तु पाणी. नळाच्या टोकाशीं आलेल्या पाण्यांत दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावें, असें भारतीय मानक आहे. टांकी झांकलेली नसेल किंवा पाणी हंड्यांत दिवसभर उघडें राहिलें तर तें उडून जातें व संरक्षण संपतें. दुसरी वस्तु हात. आचारी व वाढपी यांची वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर वर्गातील रोगांविरुद्ध लस ही नियमांत सांगितलेली आहे. त्यामागें मेरी मॅलनची कहाणी उभी आहे. तिसरी वस्तु उष्णता. पांच अंशांखालीं जंतूंची वाढ मंदावते, साठ अंशांवर ती थांबते. मधल्या उबेंत ते फोफावतात. अनुकूल स्थितींत एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात. या हिशेबानें सहा तासांत एकाचे २,६२,१४४ होतात. म्हणून सकाळीं शिजविलेला भात दुपारपर्यंत ओट्यावर कोमट राहणें हें भटारखान्यांतील अगदीं साधें दिसणारें, पण मोठें संकट आहे. शिवाय कांहीं जंतूंचें विष पुन्हां उकळल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. 'तापवून घेतलें कीं झालें' ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

नाशिकची मिसळ हें याचें चांगलें उदाहरण आहे. मटकीला मोड आणण्यासाठीं ऊब आणि ओलावा लागतो. जंतूंनाहि नेमकें तेंच लागतें. मोड आलेली मटकी चांगली शिजली, रस्सा सतत कढत राहिला, तर मिसळ निर्धोक. परंतु वर पसरलेला चिरलेला कांदा व कोथिंबीर शिजत नाहींत. तीं ज्या पाण्यानें धुतलीं आणि ज्या पाटावर चिरलीं त्यावर सगळें अवलंबून. चौथी वस्तु तेल. तेंच तेल पुनःपुन्हां तापविल्यानें त्यांत अपायकारक घटक सांचत जातात. १ जुलै २०१८ पासून अशा एकूण ध्रुवीय घटकांची मर्यादा पंचवीस टक्के ठरविली आहे. पांचवी वस्तु मोरी, केर आणि उंदीर. सहावी वस्तु कोठार : खालचें पोतें भिंतीला चिकटलेलें आहे काय, फिनेल व कीटकनाशक खाद्य वस्तूंजवळ ठेवलें आहे काय. ब्रॅडफर्डचें पीप येथें पुन्हां आठवावें.

कोठाराचें महत्त्व नाशिककरांस भगरीवरून विशेष कळावें. या जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत वरई पिकते आणि भगर तयार करणाऱ्या गिरण्याहि येथें आहेत. नवरात्र, महाशिवरात्र अशा उपवासांच्या दिवसांत भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत अनेकदां आल्या. ओलसर भगरीवर किंवा तिच्या पिठावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते व ती विषद्रव्यें निर्माण करिते, म्हणून सुटी व जुनी भगर घेऊं नये, पीठ दळून फार दिवस ठेवूं नये, असा सल्ला अन्न व औषध प्रशासनानें दिला आहे. येथें कोणी भेसळ केलेली नसते. दाणा खरा, उपास खरा, श्रद्धा खरी; चुकते ती साठवण.

सर्वांत अवघड परीक्षा यात्रेंतल्या अन्नछत्रांची. कायमच्या हॉटेलास निदान ओटा, नळ व मोरी असते. अन्नछत्र चार दिवसांसाठीं मांडवांत उभें राहतें आणि एका वेळीं हजारों पानें वाढतें. एका घरच्या स्वयंपाकांत चूक झाली तर पांच माणसें आजारी पडतात. एका कढईंत चूक झाली तर गांवोगांवचीं हजार. यात्रेकरू दुसऱ्या दिवशीं घरीं परततो आणि रोग त्याच्याबरोबर आगगाडींत बसतो. धर्मकार्याची तपासणी कशाला, असा आक्षेप कांहीं भाविक घेतात. परंतु २०११ च्या नियमांनीं धार्मिक वा सामाजिक समारंभांत अन्न वांटणारासहि नोंदणीच्या कक्षेंत घेतलें आहे, आणि देवस्थानांच्या स्वयंपाकघरांसाठीं केंद्रीय प्राधिकरणानें 'भोग' नांवाचा स्वतंत्र उपक्रम चालविला आहे. अन्नदानाचें पुण्य पाण्याच्या टांकीच्या झांकणानें कमी होत नाहीं. २०२७ च्या सिंहस्थांत नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील प्रत्येक मांडवानें ही गोष्ट मनावर घेतली पाहिजे.

तरीहि तपासणीला मर्यादा आहे. अधिकारी वर्षांतून एखादे दिवशीं येतो. भटारखाना उरलेले सर्व दिवस त्याच्या पाठीमागें चालतो. म्हणून शेवटच्या पदार्थाची परीक्षा करण्याऐवजीं कामाच्या प्रत्येक पायरीवर धोका कोठें आहे हें आधींच हेरावें व तेथें पहारा ठेवावा, अशी पद्धत १९६० नंतर अमेरिकेंत अंतराळवीरांच्या अन्नासाठीं निघाली. अंतराळांत वैद्य नाहीं. तेथें एकहि घांस दूषित असून चालणार नव्हता. तीच पद्धत आज मोठ्या कारखान्यांत रूढ आहे आणि तिचें सार लहानशा खानावळीसहि झेपण्यासारखें आहे : पाणी झांकावें, हात धुवावे, गरम तें गरम व थंड तें थंड ठेवावें, कच्चें व शिजलेलें वेगळें ठेवावें, आजारी आचाऱ्यास सुटी द्यावी. यांतील शेवटची गोष्टच सर्वांत कठीण, कारण रोजंदारीवरच्या आचाऱ्यास सुटी म्हणजे उपास. मालकानें त्या दिवसाची मजुरी दिली तरच तो ताप लपविणार नाहीं.

गिऱ्हाइकाचेंहि कर्तव्य आहे. परवान्याचा क्रमांक पाहावा, हात धुण्याची जागा पाहावी, शक्य तर भटारखान्याच्या दारांतून एक नजर टाकावी, आणि दोष दिसल्यास चारचौघांत आरडाओरड न करतां मालकास सांगून, न ऐकल्यास प्रशासनाकडे तक्रार करावी. सुस्थितींतल्या कुटुंबास एक हॉटेल सोडून दुसऱ्यांत जातां येतें. परगांवाहून शिकावयास आलेला विद्यार्थी, रुग्णालयाबाहेर बसलेले रोग्याचे आप्त, मजुरीवरून परतणारा कामकरी आणि अस्थींचें गांठोडें घेऊन आलेली म्हातारी यांना निवड करण्यास सवड नसते व पैसाहि नसतो. जें पान पुढें येईल तें त्यांना खावें लागतें. भटारखान्याची तपासणी मुख्यतः त्यांच्यासाठीं आहे, आणि गांवांतील सर्वांत स्वस्त खानावळींत हीं माणसें निर्धास्तपणें जेवूं शकतात काय, यावरूनच त्या गांवच्या तपासणीची किंमत करावी.